कणकवलीच्या प्रिंटरवाल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

देवगडहून एस्टीने मांडीवर प्रिंटर घेऊन आलेली ती मी. तुमच्याकडे रोज कोणी ना कोणी काहीतरी घेऊन येतंच, त्यामुळे मी लक्षात असेन असं नाही. पण तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. आणि हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही जे दाखवलंत ते आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याच्या कामाचं आहे.

गेल्या वर्षीचा मार्च होता. हापूसच्या पेट्या निघायला लागलेल्या. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आमच्याकडचे बागायतदार पेटीवरच्या लेबलाबाबत फार काटेकोर झालेत. बागेचं नाव, गाव, डझन, सगळं स्वच्छ छापलेलं हवं. आईच्या ऑपरेशनसाठी मी तीन आठवडे मुंबईला होते, दुकान बंद. परत येऊन पहिलं पान काढलं तर काळ्या अक्षरांत पांढऱ्या रेघा, दुसऱ्या पानावर काळा रंग गायबच. हेड क्लीनिंग दिलं, म्हणजे कागदावर शाई सोडणारं हेड प्रिंटरला स्वतःच साफ करायला लावलं. रात्री अकरापर्यंत बारा वेळा दिलं. टाकीतली शाई डोळ्यांदेखत उतरत होती. शहरातल्या एका दुकानात फोन केला तर प्रिंटर न बघताच ‘हेड गेलं, बदला’ म्हणाले आणि जो आकडा सांगितला त्यात थोडे घातले असते तर नवा प्रिंटर आला असता.

तुमचा नंबर शिरगावच्या एका बागायतदाराने दिला. फोनवर तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते, ‘आधी ता क्लीनिंग बंद कर गो.’ आणि दुसरं, ‘येताना प्रिंटर आडवो करू नको, टाकयेतली शाय सांडात.’ म्हणून नांदगाव तिठ्यापर्यंतच्या प्रत्येक वळणावर मी तो खोका दोन्ही हातांनी सरळ धरून बसले होते.

क्लीनिंग का बंद करायचं, ते तुम्ही समजावलंत. प्रत्येक क्लीनिंगला प्रिंटर हेडमधून शाई ओढतो आणि ती तळातल्या पॅडमध्ये जाऊन जिरते. सुकलेलं बूच तसंच राहिलं तर आपण फक्त पॅड भरत असतो. दोन-तीन वेळा करून फरक पडला नाही तर थांबायचं, काही तास तसाच ठेवायचा. हेडची छिद्रं केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही बारीक. तिथे जोर चालत नाही, भिजवणंच चालतं.

मग तुम्ही बॅटरी लावून हेडची पार्किंगची जागा दाखवलीत. तो छोटा चौकोनी रबरी कप, त्यातला स्पंज, आणि कपाच्या काठावर वाळून टणक झालेली काळी शाई. तिच्यात एक केस अडकलेला होता. चिमट्याने तो काढून तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात. त्या केसामुळे कप हेडला घट्ट बसत नव्हता. फटीतून हवा जात होती, म्हणून हेड सुकलं आणि म्हणूनच पंपाला शाई ओढता येत नव्हती. मी समजत होते, आपल्याकडे एवढी दमट हवा, इथे शाई कसली सुकतेय! हवा दमट असली तरी उघडं हेड तीन आठवड्यांत सुकतंच.

मी पिशवीतून थिनरची बाटली काढली तेव्हा तुम्ही ती हातातून काढूनच घेतलीत. त्याने आतला गोंद सुटतो. तुम्ही मेडिकलमधून इंजेक्शनच्या पाण्याच्या कुप्या आणायला सांगितल्यात, विहिरीचं नको, त्यातले क्षार छिद्रांत बसतात. कपाचा काठ पुसलात, रबरी वायपर पुसलात, कपात पाण्याचे थेंब टाकून हेड त्यावर नेऊन ठेवलंत आणि प्रिंटर बंद केलात. मला वाटलं आता तासाभरात होईल. तुम्ही म्हणालात, ‘वायच दम धर. उद्या ये.’ काळी शाई पिगमेंटची, म्हणजे तिच्यात रंगाचे बारीक कण असतात, रंगीत शाईसारखी ती चटकन विरघळत नाही.

त्या रात्री मी कणकवलीत मावशीकडे राहिले. सकाळी आले तर तुम्ही सलाईनच्या नळीचा तुकडा हेडच्या काळ्या तोटीवर बसवून ठेवला होता आणि वर सिरिंज, दट्ट्या काढलेली. दट्ट्या दाबला तर आतला पातळ पडदा फुटतो, पाण्याला स्वतःच्या वजनाने उतरू दे, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. खालच्या घडी घातलेल्या कापडावर आधी काहीच नव्हतं. मग एक करडा ठिपका उमटला, पसरला, आणि दहा मिनिटांत गडद काळा झाला. हेडची सगळी छिद्रं चालतात का ते दाखवणारं नॉझल चेकचं पान काढलंत, त्यावर काळ्या रेघांच्या जिन्यातल्या दोनच पायऱ्या तुटक होत्या. दुपारपर्यंत त्याही भरल्या.

घेतलेत दोनशे रुपये. हेड बदलायला मी तयार होऊन आले होते, तुम्ही सांगितलं असतंत तर मी पैसे मोजले असते.

आणि निघताना विचारलंत, रात्री प्रिंटर कसा बंद करतेस? मी म्हटलं, मेन स्विच. विजांच्या भीतीने आपल्याकडे सगळे तेच करतात. केसाखेरीज दुसरं दुखणं तिथे होतं. आधी प्रिंटरचं बटण दाबायचं, हेड जागेवर जाऊन बसल्याचा ‘खट्’ आवाज ऐकायचा, मगच स्विच बंद करून प्लग काढायचा. छापता छापता लाईट गेली तर हेड मधेच उघडं राहतं, म्हणून लाईट आल्याबरोबर चालू करून त्याला घरी जाऊ द्यायचं. आता मी छोटा यूपीएस घेतलाय. लेझर प्रिंटर त्याला झेपत नाही, माझ्यासारख्या शाईच्या, म्हणजे इंकजेट प्रिंटरला पुरतो.

दर बुधवारी चारही रंगांचं एक पान काढते, तारीख घालून फाईलला लावते. पावसाळ्यात कागदाची रिमं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवते, कारण ओलसर कागद वर उचलून हेडला घासतो. मागच्या श्रावणात चार दिवस लाईट नव्हती, तरी पाचव्या दिवशी पहिलंच पान स्वच्छ आलं. ते पान घेऊन मी शेजारच्या किराणावाल्यांना दाखवायला गेले होते. आता आजूबाजूचे तिघे जण प्रिंटर बंद पडला की आधी माझ्याकडे येतात. मी त्यांचाही कप आधी बघते.

कपाचं रबर आता थोडं कडक वाटतंय. पेट्यांची गडबड संपली की मे अखेरीस घेऊन येते, बदलायचं की नाही ते तुम्हीच बघा.

शनिवारच्या एस्टीने दोन डझनांची पेटी पाठवतेय. आंबे अजून कच्चे आहेत. गवतातच राहू द्या, वास सुटल्याशिवाय कापू नका.

तुमची,
देवगडची झेरॉक्सवाली