वैजूचं पत्र

सांगली, रविवार रात्र

प्रिय सुनी,

चार वर्षं ना फोन, ना पत्र, आणि आज एकदम हे जाडजूड पाकीट बघून तू म्हणशील, "वैजीला काहीतरी हवंय." हवंय. पैसे नकोत, घाबरू नकोस. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू. ह्यांचे गुडघे होते तिथेच आहेत.

माझ्या भावाचं, बाळूचं लिव्हर गेलंय. सिरॉसिस. दारूचा थेंब कधी घेतला नाही, हे तुला माहीत आहे, पण गावानं त्याच्या हातात बाटली देऊन टाकली. शुगर आणि लिव्हरवरची चरबी, एवढ्यानंही होतं म्हणे. पोटात पाणी भरतं, ते सुईनं काढतात. मागच्या वेळी पाच लिटर निघालं. मी बाहेर बाकावर बसून त्या बाटल्या मोजत होते.

आता बदलणं हाच उपाय. पुण्याच्या यादीत नाव लावलंय, पण यादी चालते रक्तगटावर आणि बाळू ओ. ओ गटाचं लिव्हर कुणालाही चालतं, ओ गटाच्या माणसाला मात्र फक्त ओचंच. सगळ्यांना देणारा गट, आणि मिळाला कुणाला बघ! हस, हस. मीही हसले होते, बाळूची रेखा समोर असताना.

आई ओ आहे, पण वय ७३. रेखा ए. पिंट्या १६ वर्षांचा, अठराच्या आतल्याचं कायद्यात बसत नाही. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझा गट कुठला हे मलाच आठवत नव्हतं, बाळंतपणाच्या फायली कुणी जपून ठेवतं का? रक्त दिलं. बी पॉझिटिव्ह. काचेपलीकडची मुलगी म्हणाली, "नाही जुळत ताई." पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा लिव्हरला तसा फरक पडत नाही, अडलं ते बीवर.

सुनी, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मी तिथून निघाले, समोरच्या रसवंतीत जाऊन उसाचा रस प्याले. एक ग्लास संपवला, दुसरा मागवला. आलं-लिंबू घालून. इतका गोड रस मी कित्येक वर्षांत प्याले नव्हते. घरी येऊन रेखाच्या गळ्यात पडून रडले, आणि ते रडणंही खोटं नव्हतं.

तुला आठवतंय ना, हक्कसोडपत्राच्या दिवशी निबंधकाच्या ऑफिसबाहेर तू माझा हात धरला होतास? "सही करू नकोस, वैजू. आज जमीन मागतोय, उद्या आणखी काही मागेल." मी तुला भर रस्त्यात म्हणाले, तुला भाऊ नाही म्हणून तुला कळत नाही. ते बोलायला नको होतं. कालव्याखालची दीड एकर गेली, साडीचोळीवर बोळवण झाली, त्यानंतरच्या दोन दिवाळ्या बाळूचा फोनही नाही. आणि तू अबोला धरलास तो वेगळाच. तो तू जरा जास्तच ताणलास, हेही लिहून ठेवते.

तर रस पचेपर्यंत हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरचा फोन. "ताई, गट जुळत नसला तरी आता करता येतं." आधी तिनं अदलाबदलीचं सांगितलं. दोन घरांनी एकमेकांच्या पेशंटला द्यायचं, २०११च्या कायदादुरुस्तीनं चालतं. पण ए आणि बीवाल्यांची जोडी जमते, ओचं अवघड. ज्यांच्या घरात ओचा दाता आहे ते आपल्याच माणसाला देऊन मोकळे होतात, अदलाबदलीला कशाला येतील?

मग राहिला दुसरा रस्ता. बाळूच्या रक्तात बीच्या विरुद्ध अँटिबॉडी आहेत, म्हणजे बी गटाचं काही आत आलं की त्यावर तुटून पडणारे घटक. त्या किती, ते रक्त पातळ करत करत मोजतात. ताकात पाणी घाल, पुन्हा घाल, तरी आंबटच लागतंय, तसं. त्याचं २५६ पटीपर्यंत आंबट. डॉक्टरांना ते सोळावर आणायचंय. त्यासाठी आधी रिटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन, म्हणजे नवीन अँटिबॉडी बनायच्या थांबतात, आणि मग मशीनवर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलायचा, म्हणजे आधीच्या निघून जातात. जपानात मेंदूमृत दाते फार कमी, म्हणून घरच्या माणसावरच भागवायची वेळ आली आणि त्यांनी हे बसवलं. पूर्वी अशी लिव्हरं टिकत नसत, आता चांगल्या ठिकाणी निकाल जुळणाऱ्या गटाच्या जवळपास येतात, असं डॉक्टर म्हणाले. पित्ताच्या नळ्या आकसण्याची आणि इन्फेक्शनची भीती मात्र जास्त. ते इंजेक्शन ऑपरेशनच्या दोन-तीन आठवडे आधी द्यावं लागतं, म्हणून घाई. माझ्याकडून साधारण सहाशे ग्रॅम लागेल. भाजीवाल्यासारखं वाटतं ऐकताना. राहिलेलं काही महिन्यांत वाढतं. देणाऱ्याच्या जिवाला धोका थोडा, पण शून्य नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आणि शेवटी कोऑर्डिनेटरनं मला एकटीला आत बसवलं. "ताई, मनात नसेल तर आम्ही घरच्यांना एवढंच सांगू की तुम्ही तपासणीत बसत नाही. कारण कुणाला सांगणार नाही."

तिथेच अडलेय बघ. रक्तगटानं नाही म्हटलं होतं तेव्हा ते माझं नाही नव्हतं. आता म्हटलं तर माझं. आणि हो म्हटलं तर ते बाळूसाठी की रेखा काय म्हणेल म्हणून, हे मला समजत नाही. परवा त्याला बघायला गेले तर पिवळे डोळे, आणि विचारतो काय, "ताई, तू जेवलीस का?" दोन दिवाळ्यांनंतर हे विचारतोय. राग आला. रागासारखंच काहीतरी.

तुझ्या ऋताचं ठरलं असं कळलं. मुलगा नाशिकचा ना? अभिनंदन. सासूबाईंना नमस्कार. फ्लॅटचा ताबा मिळाला का?

पत्र मंगळवारी पोचेल असं कुरिअरवाला म्हणतोय. गुरुवारी माझं सीटी आहे, त्याआधी हो किंवा नाही कळवायचंय. दुपारी दोन ते चार हे झोपलेले असतात, तेव्हा फोन कर. त्या दिवशी हात धरलास तसं काहीतरी बोल, मी या वेळी ऐकून घेईन. ऐकेनच असं नाही.

तुझी,
वैजू

ता. क. तुझी लोणच्याची बरणी अजून माझ्याकडेच आहे. झाकण फुटलंय.