मासिकासोबतची सीडी

महोदय,

नव्वदच्या दशकात ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्स या मोफत संगणक प्रणालीची सीडी मिळायची, हे आजच्या मुलांना खरे वाटत नाही. इंटरनेट होते, विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते सर्वांसाठी खुले केले होते. पण फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या, सेकंदाला २८.८ किलोबिट वेगाच्या मोडेमवर ६५० एमबीची सीडी उतरवायला सलग ५० तास लागले असते, तेही फोन मध्येच न कटता! कॉलचे बिल वेगळेच. त्या अंकांतल्या संगणकांच्या जाहिराती आजही वाचता येतात आणि करमणुकीच्या वाटतात, सीडींचे मात्र तसे नाही. चकतीचा थर खराब झाला की आतले काहीच वाचता येत नाही. ज्यांच्याकडे असतील त्यांनी वेळीच प्रती काढाव्यात. ग्रंथालयांनीही जुने अंक बाइंडिंगला देताना सीडी फेकू नयेत, ही विनंती.

– एक वाचक, सातारा