मुकुट घातलेला फिरंगी

प्रिय बंड्या,

आईचे गुडघे तसेच, माझं बीपी ठीक. तब्येती संपल्या.

थायलंडहून आल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी भांडतोय. फोनवर तू मध्येच तोडतोस, म्हणून लिहितो.

बँकॉकच्या राजवाड्यातला चक्री महाप्रासाद पाहिला आणि आधी तूच आठवलास. खाली सगळा युरोप: कमानी, खांब, सज्जे. मान वर केली की तीन सयामी, म्हणजे जुन्या थायलंडची, शिखरं, निमुळती होत गेलेली. चुलालोंगकोर्न राजाने 1876 ला काम काढलं, 1882 ला पुरं झालं. जॉन क्लुनिस या इंग्रजाच्या आराखड्यात घुमट होते. पण राजा लहान असताना ज्याने राज्य सांभाळलं, तो श्री सुरियवोंग म्हणाला, राजवाड्यावर आपली शिखरंच हवीत. राजाने मानलं. लोक त्या इमारतीला 'मुकुट घातलेला फिरंगी' म्हणतात!

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षी ज्यूरीत, परीक्षकांपुढे, तू व्हीटी स्टेशनला 'शेरवानीवर टाय' म्हणालास आणि सरांनी तुझी शीट उलटी लावली, आठवतं? व्हीटीचं कामही त्याच सुमारास, 1878 ला निघालं. हाच चुलालोंगकोर्न 1872 मध्ये मुंबई बघून गेला होता. पण व्हीटी कशी असावी ते राज्यकर्त्या साहेबाने ठरवलं. तिकडे काय घ्यायचं नि काय सोडायचं नाही, हे घरच्यांनी ठरवलं. मला हा फरक फार मोठा वाटतो. तुला तेव्हाही वाटत नव्हता.

आता मुद्द्याचं. दादाने घराचा नकाशा पास करून आणलाय. माजघर, मागची पडवी सगळं पाडून दोन मजली स्लॅब, आणि पुढे 'आपलं वाटावं' म्हणून कौलांची एक पट्टी. म्हणजे मुकुटच, पण मागून घेतलेला नव्हे, उरलेला. रात्र रात्र झोप नाही रे. दादाला खोटं पाडता येत नाही. वासे वाळवीने पोखरलेत, कौलं परतायला माणूस मिळत नाही, पावसाळाभर वहिनी पातेली मांडत फिरते. तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की माजघरातला गारवा जपायचाय?

बांग पा-इनला, राजाच्या उन्हाळी वाड्यात, उत्तर सापडेल असं वाटलं होतं. तिथे तळ्यात सयामी मंडप, काठावर युरोपीय महाल, पलीकडे 1889 चा चिनी वाडा, नदीपार तर चक्क गॉथिक चर्चसारखं बुद्धमंदिर. सगळे शेजारी, कुणी कुणाच्या डोक्यावर नाही. सुंदर आहे, पण त्याला राजाएवढी जागा लागते. आपली वाडी किती, तुला माहीत आहे.

मग चा-अमचा मृगदायवन पाहिला आणि तिथून हलवेना. सहाव्या रामाचा, म्हणजे चुलालोंगकोर्नच्या मुलाचा, समुद्रकाठचा वाडा, 1923-24 चा. राजाने स्वतः रेखाटनं केली, एर्कोले मानफ्रेदी या इटालियनाने आराखडा पुरा केला. सागवानी घरं 1080 खांबांवर उचललेली, लांबच लांब छपराच्या वाटांनी जोडलेली. खाली वारा खेळतो, वर जाळीतून आत जातो. आणि खांबांचे पाय काँक्रीटचे, भोवती पाण्याची पन्हळ, मुंग्या चढू नयेत म्हणून! बंड्या, तिथे सयामी कुठे संपतं नि इटालियन कुठे सुरू होतं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. ऊन, वारा, मुंगी यांच्यापासून सुरुवात केली की असं जमतं. खालचं पाऊल काँक्रीटचं आणि वर लाकूड नि कौल, हे आपल्याकडे का होऊ नये? दादाला सिमेंट हवंय ते वाळवीसाठी आणि गळतीसाठी. तेवढंच देऊ ना त्याला.

मला ते कागदावर उतरवता येत नाही, तुला येतं. दिवाळीत ये. टेप घेऊन ये, मापं मी आधीच काढून ठेवतो, पण तू माझी मापं कधी मानत नाहीस. दादा तुझं ऐकेल; विहिरीच्या पंपावरून तुमचं वाजलं ते तो विसरलाय, तूही विसर. काम मार्गशीर्षात काढायचं म्हणतोय, म्हणजे वेळ थोडा आहे.

छकुलीचा दहावीचा निकाल कळला, तिला शाब्बास सांग. नवीन ऑफिसात मन रमलं का? काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं का, तेही कळव. येतोस की नाही ते मात्र आधी कळव.

तुझाच,
अण्णा