गहू इतक्यात सोडू नकोस

चि. गौरीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "आई, गहू सोडलाय, बारा दिवस झाले." मी नुसतं बरं म्हटलं आणि रात्रभर डोळा लागला नाही. बोलायला गेलं की आपल्या दोघींचं वाजतं, म्हणून लिहिते.

आधी माझं. सातवीत असताना तू म्हणायचीस, पोळी खाल्ली की पोट डब्ब होतं. मला वाटायचं शाळेचा कंटाळा. गॅलरीतून कावळ्यांना पोळी टाकताना पकडलं तेव्हा मी तुझ्यावर हातही उचलला. आता तुला हाशिमोटो निघालाय, म्हणजे शरीर आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर उठतं तो आजार, सकाळी बोटं इतकी आखडतात की बाटलीचं झाकण फिरत नाही. तेव्हाच ऐकायला हवं होतं. चुकलं गं माझं.

म्हणून तुझ्या दुखण्याला कुणी मनाचे खेळ म्हटलेलं मला खपणार नाही. पण कुठलं खाणं सोसत नाही ते सांगणारा, तू मागवलेला तो दोनशे पदार्थांचा रक्ताचा रिपोर्ट मला पटत नाही. तूरडाळ, दूध, वांगं, बदाम, सगळ्यांपुढे लाल खूण. आपल्या डॉक्टरबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, यात आयजीजी नावाच्या अँटिबॉडी, म्हणजे शरीर एखादी गोष्ट ओळखून बनवतं ती प्रथिनं, मोजतात, आणि आपण जे नेहमी खातो त्याच्या त्या रक्तात सापडतातच. म्हणजे तू आमटी-भात खाऊन वाढलीस, एवढंच त्यातून कळलं. त्यापायी डाळ-दूध सोडून अंगातली ताकद घालवू नकोस.

गव्हाचं मात्र वेगळं. सिलिॲक नावाच्या आजारात गहू आणि जवातल्या ग्लुटेनमुळे शरीर आपल्याच लहान आतड्यावर उठतं. पोट फुगतं, रक्त कमी होतं, थकवा येतो, कुणाचे सांधेही धरतात. हाशिमोटो असलेल्यांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो. त्यासाठी टीटीजी नावाची रक्ततपासणी असते, पण ती गहू खात असतानाच करायची. सोडल्यावर अँटिबॉडी उतरत जातात, रिपोर्ट खोटाच चांगला येऊ शकतो. मग जन्मभर शंका. म्हणून पोळी पुन्हा सुरू कर. तपासणी कधी करायची ते बाई सांगतील. फार त्रास झाला तर मात्र अंगावर काढू नकोस, लगेच त्यांना फोन कर.

विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ होते. एका आईने त्यांना सांगितलं होतं की पाव बंद केला की माझ्या लेकराच्या अंगावरचं पुरळ जातं. त्यांनी ते मनावर घेतलं. पुढे 1944-45 च्या दुष्काळी हिवाळ्यात तिकडे पाव मिळेनासा झाला आणि सिलिॲकची आजारी मुलं उलट सुधारली. 1950 साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. हे वाचताना मला सारखी आपली गॅलरी दिसत होती.

सिलिॲक नाही निघाला, तर एकेक पदार्थ काही आठवडे बंद करून पुन्हा खाऊन बघ, वहीत लिही. एकदम दहा नकोत. आणि थायरॉइडची गोळी कुठल्याही पथ्यापायी सोडायची नाही. उपाशीपोटी घे, चहा तासाभराने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी.

सिलिॲक निघालाच, तर घर मी बघते. लालबागला मसाल्याच्या दुकानात हिंगाची डबी उलटी करून वाचली, त्यातही गव्हाचं पीठ! गिरणीतही विचारलं. तो म्हणाला, ज्वारीवर ज्वारी टाकतो, काकू. पण त्याच जात्यात आधी गहू दळलेला असतो, थोडा उरतोच. हे ऐकून बाबा संध्याकाळी दादरला जाऊन घरघंटीची किंमत विचारून आले. रिपोर्ट येईपर्यंत थांबा म्हटलंय त्यांना.

शनिवारी पवईहून लवकर नीघ. पोळ्या करून ठेवते. पोट दुखलं तर सांग, मी जवळ बसेन.

तुझी,
आई