तुळईतला खिळा

अंजर्ले,
16 एप्रिल

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

खिळा सापडला. आपला खिळा! तुझ्या अण्णांच्या सुतारकामाच्या पेटीतून न विचारता काढलेला, सहा इंची, डोकं वाकवून आकडी केलेला, डब्याच्या दोरीचा. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसता ‘हो, हो, पुढे बोल’ करतोस आणि तुझ्या मागे टीव्हीवर कुणीतरी भांडत असतं. हे तुला निवांत वाचायला हवं, म्हणून कागद घेऊन बसलोय.

माझी तब्येत ठीक. साखर आटोक्यात, गुडघा जिना चढताना बोलतो. आईचं ऐकू येणं आणखी कमी झालंय, बाकी ती खणखणीत.

परसातल्या लाकडी खोलीचं बांधकाम चालू आहे हे तुला ठाऊकच आहे. जोतं बांधून झालं, जांभ्याचं, दीड फूट उंच, बारा बाय सोळाचं. खांब जमिनीत पुरलेले नाहीत, प्रत्येकाखाली तळखडा, म्हणजे दगडी बैठक, आहे. ते तळखडे तुमच्या पडक्या पडवीचे, तूच ‘ने’ म्हणालास ते. सदू म्हणत होता की खड्डे घेऊन सिमेंटात खांब रोवले की काम एका दिवसात संपेल. पण सिमेंटात उभं केलेलं लाकूड बुडाशी पाणी धरतं आणि वाळवी आतून कधी चढली ते कळत नाही. तळखड्यावर खांब असला की तिला उघड्या दगडावरून मातीची वाट बांधत यावं लागतं आणि ती वाट आपल्याला दिसते. अण्णांचा हा धडा मी विसरलेलो नाही. खांब लावताना झाडाचा बुंध्याकडचा भाग खाली, शेंड्याकडचा वर, हेही पाळलंय. दरवेळी ओंडक्यावर खडूने बाण काढून ठेवायचो.

लाकूड बहुतेक घरचं. खांब किंजळाचे, गोठ्याचे उतरवलेले. वासे थोडे जुने, थोडे आणलेले. सागाला हात लावला नाही, कारण 1964 च्या वृक्षतोड कायद्याने आपल्याच परड्यातला साग तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते आणि तो व्याप मला नको होता. तुळई मात्र फणसाची. त्या फणसाची.

निसर्ग वादळ आलं त्या दुपारी, 3 जून 2020 ला, तू नाशकात अडकला होतास. झाड पडलं एवढंच मी तुला कळवलं होतं. कसं पडलं ते कधी सांगितलं नाही. वारा ताशी 110 किलोमीटरच्या आसपास होता असं नंतर छापून आलं. आम्ही माजघरात दार लावून बसलो होतो. आवाज इतका होता की फणस कोसळला तो आवाज म्हणून ऐकूच आला नाही, फक्त जमीन हलली. वारा पडल्यावर बाहेर आलो तर तुमच्या घरापासून आमच्या गडग्यापर्यंत तो आडवा, मुळं वर, आणि खाली खोलीएवढा खड्डा. आई त्या खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. आख्खं गाव मोडलं होतं, माडांचे शेंडे उडाले होते, पोफळी निम्म्यावर मोडल्या होत्या, तेव्हा एका फणसाचं दुःख करायची सोय नव्हती.

त्या हिवाळ्यात ओंडके कापून आणले. गिरणीवाला घराजवळचं झाड घ्यायला नाखूष होता. म्हणाला, अंगणातल्या झाडात माणसं काय काय ठोकून ठेवतात, माझं पातं जातं. मी छातीठोकपणे सांगितलं की या झाडात काही नाही. खिळा माझ्या डोक्यातून पार गेला होता रे. त्याचं पातं वाचलं, कारण करवत खिळ्याच्या जेमतेम केसभर बाजूने गेली होती. टोकांना रंग फासून, मध्ये पट्ट्या घालून मी ते लाकूड पडवीत रचलं. इंचाला एक वर्ष हा सुकण्याचा हिशेब. फळ्या केव्हाच तयार झाल्या. सहा बाय नऊची तुळई जाड, तिला थांबावं लागलं. मागच्या आठवड्यात तिच्या अंगाला अण्णांचा मोठा रंधा लावला. काय रंग निघाला म्हणून सांगू! हळदीचा. ढलप्यांचा ढीग उन्हात पडला होता तर आई म्हणाली, कुणाचं लग्न आहे?

आणि चौथ्या की पाचव्या हाताला रंधा ठक्कन अडला. पात्याच्या धारेला दाणा पडला. लोहचुंबक फिरवलं, ते चिकटलं. पटाशीने जपून कोरलं तर काळा डाग, आणि डागाच्या मध्ये लोखंड. वाकवलेलं डोकं तसंच आहे, बाळ्या. झाड वाढतं ते शेंड्याला, बुंध्यात ठोकलेलं आयुष्यभर त्याच उंचीला राहतं. आपण स्टुलावर चढून ठोकला होता तिथेच तो होता आणि त्याच्यावर झाड नुसतं जाड होत गेलं. आपला खिडकी ते खिडकी चिठ्ठ्यांचा डबा ज्या दोरीवरून जायचा, तिची आकडी आजवर आत होती. तुझ्या त्या चिठ्ठ्या आठवतात? ‘गणित झालं का’ आणि खाली आंबोशीचा तुकडा. लालीने एकदा त्यात जिवंत खेकडा घालून पाठवला आणि तू आठवडाभर डबा उघडला नाहीस.

आणि हे कायमचं मिटवून टाकू. खिळा तू ठोकलास, स्टूल मी धरलं होतं. ‘मध्याने ठोकला’ असं अण्णांना सांगून तू मला त्यांच्याकडून जे ऐकवलंस ते अजून कानात आहे. जिवंत झाडात लोखंड घालतो तो सुतार नव्हे, असं म्हणाले होते. आता त्यांच्याच रंध्याला तो लागला. मी बराच वेळ तसाच बसून होतो. दुसऱ्या कुणाला सांगून काय कळणार?

आता खरी काळजी ऐक. हसू नकोस, तुझं अर्धं आयुष्य सिव्हिल इंजिनियरिंगमध्ये गेलंय म्हणून तुलाच विचारतोय.

तुळई किंचित वाकडी आहे, बारा फुटांत अर्धा इंच. अशा तुळईची पाठ वर आणि पोट खाली ठेवायचं, म्हणजे भार आला की ती सरळ होते. खिळा आहे नेमका पोटाच्या बाजूला, बुंध्याकडच्या खांबापासून चार फुटांवर. खालच्या अंगाला लाकूड ताणलं जातं, वरच्या अंगाला दाबलं जातं, मधल्या उंचीला फारसं काही होत नाही, हे तूच मला एकदा खोडरबर वाकवून दाखवलं होतंस. म्हणजे दोष जिथे नको तिथेच आहे. खिळ्याची जाडी पाव इंचसुद्धा नाही, त्याची भीती नाही. भीती आहे ती त्याच्याभोवतीच्या तंतूंची. ते वळसा घालून गेलेत, तळहाताएवढा भाग, मोठ्या गाठीसारखा.

हिशेब केलाय. कौलं सहाशेच्या आसपास, कोरडी दीड टनाला थोडी कमी, पावसात पाणी पितात ते वेगळं. वासे, रिपा, आढं धरून एकूण दोन टन म्हण. दोन्ही टोकांच्या भिंतीत आढ्याखाली खांब आहेत, त्यामुळे तुळईच्या मध्यावर उभ्या, आढं तोलणाऱ्या टेकूवर साधारण पाचशे किलो येतात. चार फुटांवर तो वाक मधल्याच्या दोन तृतीयांश. कागदावर तुळई हसत उचलते. पण कागदावर तंतू सरळ असतात! आणि लाकूड भाराखाली वर्षानुवर्षं हळूहळू बसत जातं, त्याचा हिशेब मला येत नाही.

उलटी करून घातली तर खिळा दाबाच्या बाजूला जातो, तिथे तो निरुपद्रवी. पण मग वाक खाली, आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाला ती लोंबल्यासारखी दिसणार. खिळा काढायचा तर भोवतीचं लाकूड खोदावं लागेल, म्हणजे आत्ता आहे त्यापेक्षा मोठं भगदाड. तिसरा मार्ग सदूचा: हिला कापून दाराची चौकट कर, तुळई नवी आण. तो बरोबर असेलही. मला ते सहन होत नाही. रात्री दोन-दोनदा बॅटरी घेऊन तिच्याकडे बघून येतो. बायको म्हणते, तान्हं मूल आणलंय का घरात.

तू म्हणशील पत्रा घाल, भार पाव होईल, प्रश्न मिटला. गेल्या दिवाळीला आपलं जे वाजलं ते पुन्हा नको, पण माझं म्हणणं सोडलेलं नाही. निसर्ग वादळात कुणाची छपरं गेली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पत्रा हलका, वारा त्याला खालून धरतो आणि एक स्क्रू सुटला की आख्खं पाखं घेऊन जातो. शेजारच्या वाडीतले पत्रे आमच्या आमराईत अडकले होते. कौलं उडाली, फुटली, पण एकेक करून. दुसऱ्या दिवशी माणसं शिडी लावून उरलेली सारखी करत होती. शिवाय इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पत्र्याखाली त्या आवाजात मी काम करू? मी वासा तुळईला, तुळई खांबाला आणि खांब जोत्यात गाडलेल्या सळईला पट्टीने बांधणार आहे, आणि पावळीची कौलं तारेने. वरपासून खालपर्यंत साखळी कुठेही तुटायला नको. हे तरी तुला मान्य आहे ना?

भिंतींच्या फळ्या एकमेकींवर इंचभर चढवल्यात आणि खिळे फक्त खालच्या कडेला. आषाढात फळी आडवी फुगते, दोन्ही कडा जखडल्या तर ती फाटते. सगळ्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल दोन हात. हातमोजे घालतो, नाहीतर कातडी सोलून निघते. तुझ्या कोपरावरचा डाग त्याचाच ना? वास आठवडाभर जात नाही, आणि मला तो आवडतो. तुमच्या ओटीवर कायम तोच वास असायचा.

अण्णांची पेटी अजून आमच्या माजघरात आहे. खाऱ्या हवेने पटाश्यांवर दर पावसाळ्यात गंज धरतो, मी पुसून तेल लावतो, पुन्हा धरतो. तिला कोरडी, वाऱ्याची, स्वतःची जागा मिळावी म्हणून हा सगळा घाट. घर विकताना तू पेटी माझ्याकडे दिलीस, तुझ्या हाताखाली ती राहिली असती तर मला बरं वाटलं असतं, पण दिलीस. मी काही सुतार नाही. पण उत्तरेच्या खिडकीखाली बाकडं असेल, भिंतीवर त्यांच्या क्रमाने हत्यारं असतील, रंधे डावीकडे, गिरमिटं उजवीकडे, आणि ती रोज वापरात असतील. एवढं मला या जन्मात करायचंच आहे.

म्हणून दोन गोष्टी विचारतो. इंजिनियर म्हणून सांग, तुळई चालेल का. आणि अण्णांचा मुलगा म्हणून सांग, त्यांनी ती वर चढवू दिली असती का. मला वाटतं त्यांनी आधी शिव्या दिल्या असत्या, मग तुळईवर कान ठेवून दुसऱ्या टोकाला हातोडीने टिचकी मारली असती आणि आवाजावरून ठरवलं असतं. मी मारून पाहिली. मला आवाज चांगला वाटला. पण त्यांचा कान तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

तुझं काय? चिन्मयीचं बाळ आता बसायला लागलं असेल. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे कळलं, बरं वाटलं. नव्या फ्लॅटला पाणी येतं का रोज? पोर्चात गाडी लावण्यावरून भांडू नकोस, तुझा रक्तदाब आहे.

पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात टेकेल. त्याआधी कौलं चढायला हवीत, म्हणजे तुळई मेच्या मध्यापर्यंत खांबांवर. उचलायला चार माणसं लागतील, तिघं आहेत. रात्रीची एसटी पकड. फोटो मागवू नकोस, फोटोत तंतू दिसत नाहीत. येताना अर्धा इंच जाडीचे, दहा इंच लांबीचे जस्त चढवलेले बोल्ट सोळा आण, वॉशर दुप्पट. दापोलीत आठ इंचीच मिळताहेत.

आईचा आशीर्वाद. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मध्या

ता. क. रंध्याचं पातं दगडावर घासून दाणा काढला, धार पूर्ववत आहे. हे आधीच लिहायला हवं होतं, तुझा जीव त्यात अडकला असेल.