‘लक्ष कुठेय तुझं?’

संपादक महोदय, नमस्कार.

हे एकच वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. चष्मा डोक्यावर आणि शोधाशोध घरभर, गॅस बंद केला का बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर, कुणी बोलत असताना मधेच तंद्री लागणं, हे सगळं माझं रोजचं. त्यावरून वेंधळी, धांदरट अशी नावंही पडली. आता तीच नावं माझ्या मुलीला पडायला लागलीत आणि तिचा उतरलेला चेहरा मला बघवत नाही, म्हणून लिहितेय.

किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही कारण ठेवताना मन दुसरीकडेच होतं, मेंदूत नोंदच झाली नाही तर आठवणार कुठून? डॅनियल शॅक्टर या मानसशास्त्रज्ञाने स्मृतीच्या चुकांचे सात प्रकार सांगितलेत, त्यात काळाने आठवण पुसट होणं वेगळं धरलंय आणि लक्ष नसल्यामुळे होणारी चूक वेगळी. आणि मन भटकणं कुणाला चुकलंय? २०१० मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी २२५० लोकांना फोनमधल्या अ‍ॅपवरून दिवसभरात अधूनमधून विचारलं की आत्ता तुमचं मन कुठे आहे, तर जवळपास ४७ टक्के वेळा ते हातातल्या कामात नव्हतंच. मन भटकलेलं असताना माणसं कमी खूश असतात हेही त्यात निघालं, ते मी लपवणार नाही. पण आपण नुसते बसलेलो असतो तेव्हाही मेंदूचे काही भाग जोरात काम करत असतात, मेंदूतज्ज्ञ मार्कस राइकल यांनी २००१ मध्ये त्याला डिफॉल्ट मोड म्हटलं. जुनं आठवणं, पुढचं डोळ्यासमोर आणणं, दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज घेणं, हे सगळं याच भागांशी जोडलेलं आहे. मग तंद्री लागलेलं मूल रिकामं बसलंय असं कसं म्हणायचं?

या नावांचा दुसरा तोटा आम्ही स्वतः भोगलाय. माझे वडील पहिल्यापासून आपल्याच विचारात असायचे. नंतर ते तोच प्रश्न तासाभरात चार-चारदा विचारायला लागले, रोजच्या रस्त्यावर गोंधळायला लागले, तरी आम्ही म्हणत राहिलो की बाबा असेच आहेत, त्यात काय एवढं, आणि त्यात वर्ष गेलं. किल्ली हरवणं वेगळं आणि ही किल्ली कशाची तेच न कळणं वेगळं, हे तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं. कधीकधी बी-१२ किंवा थायरॉइड कमी असतं, झोप पुरत नाही, डिप्रेशन असतं आणि उपचाराने फरकही पडतो, पण त्यासाठी आधी डॉक्टरकडे जायला हवं ना.

शिक्षकांना आणि घरातल्या मोठ्यांना कळकळीची विनंती आहे, मुलांना नावं ठेवू नका. वस्तूला एकच जागा ठरवून द्या, ‘गॅस बंद केला’ असं मोठ्याने म्हणायला लावा, मला स्वतःला याने खूप फरक पडलाय.

परवा लेक अर्धं भरलेलं दप्तर मांडीवर घेऊन खिडकीत बसली होती. मी ओरडले नाही, कसला विचार करतेयस एवढंच विचारलं. ती कितीतरी वेळ सांगत होती, मग दप्तर आम्ही दोघींनी मिळून भरलं.

– एक वाचक