डायनोसॉरचं पान छान होतं, पण आपला दगड कुठंय?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत डायनोसॉरवर अख्खं पान आलं होतं, आमच्या नातवानं ते कापून भिंतीला चिकटवलंय, चित्रं झकास होती त्यात वाद नाही. पण शेवटपर्यंत वाचलं तरी दख्खनच्या दगडाबद्दल, म्हणजे त्याच काळात इथं वाहिलेल्या लाव्हाबद्दल, एक ओळ नाही. मेक्सिकोत उल्का पडली अन् डायनोसॉर संपले, झालं.

आमच्याकडं सध्या विहिरीचं काम चालू आहे. वरची काळी माती गेली, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊसर खडक, त्यात पांढऱ्या गारगोट्या, आणि 38 फुटांवर एकदम हातभर जाडीचा तांबडा पट्टा लागला. नख लावलं की विटेच्या चुऱ्यासारखा निघतो अन् पाणी लागलं की नुसता राडा. गडी म्हणले गेरू लागला, याच्याखाली परत काळा पाषाण, सुरुंगाशिवाय हालणार नाही. तसंच झालं. (पाच वर्षांखाली एका बोअरवाल्यानं 600 फूट नुसती धूळ काढली होती अन् पैसे मात्र फुटाफुटाचे मोजून घेतले, ते जाऊ द्या.)

तर हा गेरू म्हणजे जुनी जमीन आहे बघा. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉरचा शेवटचा, क्रिटेशियस काळ संपताना, इथं जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहत होता, एक थर थंड झाला की मधे बराच काळ जायचा, त्यावर माती धरायची आणि मग वरून दुसरा लाव्हा येऊन सगळं गाडून टाकायचा. आज झिजून उरलेला दगडच 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतलं, तिथं 338 मीटर म्हणजे अकराशे फुटांच्या वर नुसता लाव्हाच निघाला आणि त्याच्या पार खाली जुना खडक. आमचं 600 फूट कोरडं का गेलं ते तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

उल्का पडलीच नाही असं मी म्हणत नाही. 1980 साली इटलीतल्या गुब्बिओच्या मातीच्या थरात इरिडियम (जमिनीवर दुर्मिळ पण उल्केत जास्त असणारा धातू) जास्त सापडलं तिथून तो शोध सुरू झाला, पुढं मेक्सिकोत युकातानला 180 किलोमीटरच्या आसपास रुंदीचा गाडला गेलेला खड्डाही मिळाला. मलाही उल्काच मुख्य वाटते. पण त्याच सुमाराला इथून कार्बन डायऑक्साईड अन् गंधकाचे वायू हवेत जायलेत, हवामान आधीच खालीवर व्हायलंय, हे सांगायला नको का? 2019 ला दोन टीमनी या लाव्हाचं वय नव्यानं मोजलं. एकीनं तर पश्चिम घाटातल्या अशाच तांबड्या थरांतले झिरकॉन या खनिजाचे बारीक कण वय काढायला वापरले आणि म्हणली की उल्केच्या हजारो वर्षं आधी लाव्हाचा मोठा लोंढा आला, दुसरी म्हणते बराचसा लाव्हा उल्केनंतरचा. भांडण अजून मिटलेलं नाही, आणि भांडणाचा दगड आपला आहे.

नातू विचारायला लागला, आबा मग आपल्या विहिरीत हाडं का नाहीत. आता उकळत्या लाव्हात कसली हाडं राहतात बाबा. हाडं मिळतात ती लाव्हाखालच्या गाळात, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला मिळालीत. तिथं डायनोसॉरच्या शेणाचे पण दगड झालेत अन् 2005 साली त्यात गवताचे अंश निघाले, तोवर डायनोसॉरच्या काळात गवत होतं असं फारसं कोणी मानत नव्हतं. ज्वारी पण गवतच की, म्हणजे कडबा खाणारं जनावर आपल्याकडं तेव्हापासून आहे म्हणायला हरकत नाही.

पुढच्या रविवारी अर्धं पान तरी या दगडाला द्या. सोबत विहिरीचा फोटो पाठवलाय, पट्ट्याला फावडं टेकवून ठेवलंय म्हणजे जाडी कळेल. कुठल्या कॉलेजच्या पोरांना बघायचा असेल तर आठ दिवसांत या म्हणावं, पुढच्या सोमवारपासून विहीर बांधून काढणार आहोत, मग तो पट्टा सिमेंटच्या मागं जाईल.

आपला एक वाचक,
ता. औसा, जि. लातूर